झाडांखालचा निकाह

फोन वाजला तेव्हा शरीफा वनउद्यानाच्या कचेरीबाहेर सिमेंटच्या बाकावर बसली होती. आतले साहेब जेवायला गेले होते, आणि ते येईपर्यंत बसून राहण्याखेरीज तिला काही काम नव्हतं. असं काम नसणं अलीकडे तिला आवडू लागलं होतं. शिरढोणकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर इथवर येत होती, पण झाडांतून गाळून आल्यासारखी. पायांशी सागाची वाळलेली पानं पडली होती, ताटाएवढी, आणि वारा आला की ती दोन पावलं सरकून पुन्हा गप्प होत. फोनवर कमरुद्दीनचं नाव दिसलं. तिचा नवरा बहरीनहून फोन करायचा तो शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर, नाही तर रात्री जेवणं झाल्यावर. आडवारी भर दुपारी त्याचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं असणार. "कोण?" एवढंच ती म्हणाली, सलामसुद्धा न करता.

"कोण काय? मी बोलतोय. ऐक, शरीफा. सायमाच्या निकाहाला येतोय ना, तो आता परत जायचा नाही. कंपनीनं माझं सगळं आटोपून दिलंय. कायमचा येतोय."

"बरं," ती म्हणाली.

पलीकडे तो थांबला. आणखी काहीतरी येईल म्हणून थांबला असावा. तिनंही वाट पाहिली, आपल्या आतून काही येतंय का याची. तोंडात सकाळच्या चहाची कडवट चव तेवढी होती. "अल्लाहचा शुक्र," ती मग म्हणाली, पण ते उशिरा आलं आणि उशिरा आल्यामुळे शेजारणीला म्हटल्यासारखं वाटलं. "इथे साहेब आलेत. नंतर बोलते." साहेब आले नव्हते. आला होता उद्यानाचा पहारेकरी बळीराम, गव्हाणकडचा, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकलेला. कमरेवर हात ठेवून तो तिच्या समोर उभा राहिला आणि तिनं न विचारताच सांगू लागला.

"मांडव नाय चालत, बाय. भोंगा नाय, चूल नाय. झाडाला खिला मारायचा नाय. आनि सूर्य बुडाच्या आत सगली मानसा भायेर."

"मग चालतं काय, दादा?"

बळीरामनं विचार केला. "बसाला चालतं," तो म्हणाला.

शरीफाला हसू आलं, आणि हसता हसता आपले डोळे भरून आलेत हे तिच्या ध्यानात आलं. ते आनंदानं भरून आलेत असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. बसाला चालतं. निकाहाला आणखी लागतं तरी काय, असं सायमाही म्हणाली होती. तिची एकुलती मुलगी सायमा खारघरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. म्हाताऱ्यांचे आखडलेले गुडघे दिवसभर वाकवत असे आणि रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून या उद्यानात पक्षी बघायला येई. ओवेस तिला इथेच भेटला. तो उरणचा, शाळेत मास्तर. पोरांची सहल घेऊन आला होता. दोन्ही घरं कोकणी मुसलमानांची, दोन्हीकडे नाव ठेवायला जागा नाही, सगळं रीतसर जुळलं. फक्त निकाह हॉलमध्ये नको, असं दोघांनी एका सुरात सांगितलं. तिथे झाडांखाली, दिवसा, मोजक्या माणसांत. मोहल्ल्यातल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. निकाह मशिदीत होतो, हॉलमध्ये होतो, जंगलात कुणी करतं? काझीसाहेबांना मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. जमीन पाक असली म्हणजे झालं, ते म्हणाले. शरीफाला पक्ष्यांचं काही कळत नव्हतं, झाडांचंही फारसं नाही. तिनं होकार दिला तो वेगळ्याच कारणानं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हॉल नको, हे शब्द ऐकताच तिचे खांदे आपोआप खाली आले होते. हॉल म्हणजे केटरर, म्हणजे बिर्याणी कमी पडली म्हणून रुसलेला कुणाचा तरी मामा, म्हणजे स्टेज, म्हणजे व्हिडिओवाल्यासमोर पुन्हा पुन्हा मिठी मारणं. ती दमली होती. आज किंवा काल दमलेली नव्हती. केव्हापासून ते तिलाही सांगता आलं नसतं.

लग्न झालं तेव्हा कमरुद्दीन सुट्टीवर आला होता, आणि मेंदी फिकी व्हायच्या आत परत गेला. विमानतळावरून घरी येताना सासू गाडीत म्हणाली होती, आता तू माझी लेक. पुढची किती तरी वर्षं हे वाक्य शरीफानं अंगावर वागवलं. सासूला अर्धांगवायू झाला तेव्हा तिला कुशीवर वळवायला, तिच्या पाठीला पावडर लावायला, तिच्या तोंडातून ओघळणारी पेज टिपायला तीच होती. कमरुद्दीन दर दोन वर्षांनी यायचा. तो यायच्या आधी घराला रंग लागायचा, नवी चादर, नवे पडदे, पापलेट सांगून ठेवलेलं. ज्याचं घर होतं तोच पाहुणा होता. महिनाभर सगळे त्याच्या आवडीचं जेवायचे, त्याच्या वेळेवर झोपायचे, आणि तो गेल्यावर दोन दिवस घर रिकामं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा तिचं व्हायचं. हे तिसऱ्या दिवशीचं सुख तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून नुसतं जाणवून घेतलं होतं. पाहिलं असतं तर त्याला नाव द्यावं लागलं असतं. बाकावर बसल्या बसल्या आता तेच नाव तिच्याकडे चालत येत होतं. नवरा कायमचा घरी येतोय आणि आपल्याला आनंद होत नाही. जुन्या मोहल्ल्यात अशा किती बायका होत्या ज्या या एका फोनसाठी मन्नत मागत होत्या. कुणाचा नवरा तिकडे दुसरी करून बसला होता, कुणाचा मयत होऊन खोक्यातून आला होता. आणि आपण म्हणालो, बरं.

साहेब आले. त्यांनी निकाहाच्या परवानगीचा अर्ज ठेवून घेतला, हरकत नाही म्हणाले, फक्त कचरा उचलून न्या म्हणाले. शरीफा रिक्षानं पनवेलला परतली आणि संध्याकाळी सायमाला सांगितलं की परवानगी मिळाली. मग जरा थांबून, मटार सोलता सोलता, तिनं दुसरी बातमीही सांगितली.

"कायमचे?" सायमानं विचारलं. मग ती आईकडे बघत राहिली, दवाखान्यात एखाद्याचा हात वर उचलून दुखतंय का विचारताना बघत असेल तशी. "तू ठीक आहेस ना, अम्मी?"

"मला काय झालंय?"

"मी नसणार आता. म्हणजे तुम्ही दोघंच."

"मटार सोल," शरीफा म्हणाली.

तो आला तेव्हा आपण काळजी करत होतो तसं काही झालं नाही, असं पहिले दोन दिवस तिला वाटलं. दारात उभा राहिलेला माणूस व्हिडिओ कॉलमधल्या माणसापेक्षा बुटका होता. केस मेंदीनं तांबडे झालेले, पायांत पांढरे नवे बूट, डोळ्यांखाली मऊ पिशव्या. त्यानं सायमाला जवळ घेतलं आणि काय बोलावं ते न सुचून तिच्या पाठीवर थापटत राहिला. बॅगा उघडल्या गेल्या. दुधाच्या पावडरीचे डबे, अत्तर, बाम, सगळ्या घराला येणारा तो ओळखीचा तिकडचा वास. पण बॅगा पूर्ण रिकाम्या झाल्या आणि त्यानं त्या घडी करून माळ्यावर टाकल्या, मागच्या भिंतीला लावून, पुन्हा लवकर काढायच्या नसल्यासारख्या.  मग दिवस सुरू झाले. तो तिच्यामागे खोलीखोलीतून फिरायचा. ती निघालेल्या खोलीतला पंखा बंद करायचा. एका सकाळी त्यानं स्वयंपाकघराची फळी लावली, मोठे डबे मागे, छोटे पुढे, फार व्यवस्थित, आणि तिला मीठ सापडेना. ऊन जिन्याच्या खिडकीतून ओट्यावर यायचं त्या वेळी, असरच्या नमाजानंतर, ती चहाचा कप घेऊन नुसती बसायची. रोजची अर्धी घटका, कुणाचं काही न करता. तो दारात येऊन उभा राहायचा.

"काय करतेस?"

"काही नाही."

"मग बाहेर येऊन बस की."

ती बाहेर येऊन बसायची. दोघं बसायचे. टीव्हीवर कुठलीतरी बातमी चालू असायची आणि नव्या विमानतळाकडे उतरणारं विमान गच्चीला घासून गेल्यासारखं जायचं. तो दर वेळी मान वर करायचा. फोनवर त्यांना बोलायला पुष्कळ असे. पाणी आलं का, सायमाची फी भरली का, सासूचं, त्याच्या अम्माचं, औषध, सोसायटीचा रंग. आता ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोरच होतं, त्यामुळे सांगायला काही उरलं नव्हतं. आणखी एक गोष्ट फोनवर होती जी आता नव्हती. इतकी वर्षं घरातलं सगळं शरीफानं ठरवलं होतं, पण ठरवून झाल्यावर ती त्याला सांगायची, तुम्ही मागे म्हणाला होतात ना, तसंच केलं बघा. मोहल्ल्यातलं घर सोडून स्टेशनच्या बाजूला फ्लॅट घ्यायचं तिनं ठरवलं आणि तो निर्णय त्याच्या तोंडात घातला. सायमाला मुंबईला शिकायला ठेवणं, अम्माला दवाखान्यातून घरी आणणं, सगळं त्यानं म्हटल्याप्रमाणे झालं होतं. यात खोटं काही नाही असं तिला वाटे. दूर राहणाऱ्या माणसाला घरात जागा ठेवायची तर ती अशीच ठेवावी लागते. आवाजाशी हे जमत होतं. समोर बसलेल्या, नखं कापणाऱ्या, मध्येच डोळे मिटणाऱ्या माणसाशी ते कसं करायचं हे तिला कळेना. वाक्य अर्ध्यावर आलं की तिला स्वतःचंच तोंड दिसायचं.

म्हणून निकाहाचं तिनं त्याला नीट सांगितलंच नाही. उद्यानात आहे, छोटासा आहे, मुलांची हौस आहे. तोही नुसता हूं हूं करत राहिला. आणि निकाह आठवड्यावर आला तेव्हा एका शुक्रवारी तो जुम्याहून आला, टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाला, "कळंबोलीला हॉल आहे एक. मशिदीत एकाच्या ओळखीचा निघाला. त्या दिवशी मोकळा आहे. मी हो म्हणून आलोय. लोकांना सांगूनही टाकलं."

सायमा त्या दिवशी अर्ध्या सुट्टीनं कामावरून नुकतीच आली होती. खांद्यावरची पर्ससुद्धा तिनं काढली नव्हती. "अब्बा, प्लीज," ती म्हणाली. "आमचं ठरलंय सगळं. ओवेसकडच्यांचं पण ठरलंय. दावत ते करणारच आहेत उरणला, वलीमा."

"ते त्यांचं. माझ्याकडून काय? इतकी वर्षं बाहेर राहिला आणि एकुलत्या पोरीचा निकाह जंगलात उरकला, असं म्हणतील लोक."

"कुठले लोक? तुम्ही ओळखता तरी का इथल्या कुणाला?"

ते बोलून झाल्यावर सायमालाच धक्का बसला.  कमरुद्दीननं खुंटीवरची टोपी पुन्हा काढली, तिची घडी नीट केली आणि परत लावली. सायमा आईकडे वळली. "अम्मी, तू सांग ना यांना. नेहमी तूच सांगतेस."

दोघंही तिच्याकडे बघत होते. ताटावर पीठ होतं, गॅसवर तवा तापून धूर सोडू लागला होता. शरीफाला वाटलं, आता आपल्याला ते वाक्य सापडेल, दोघांच्या मधून जाणारं, दोघांनाही आपलंच वाटेल असं. ते कुठे तरी असतं, हात घातला की मिळतं. तिनं हात घातला आणि तिथे काहीच नव्हतं. फार वर्षं वापरलेला डबा उघडावा आणि तळ दिसावा तसं. "मी दमले," ती म्हणाली. गॅस बंद करून ती आत जाऊन आडवी झाली, भर दुपारी, भाकऱ्या तशाच टाकून, जे तिनं आजारपणातही केलं नव्हतं.  थोड्या वेळानं भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला, मग तव्याचा. कोण करतंय ते बघायलाही ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर ती म्हणाली, "जरा माझ्याबरोबर चला." कुठे ते त्यानं विचारलं नाही. रिक्षात दोघांच्या मध्ये तिची पिशवी होती. पळस्प्याच्या पुढे त्यानं एकदाच बाहेर बोट दाखवून विचारलं, इथे भातखाचरं होती ना? होती, ती म्हणाली. उद्यानाच्या फाटकाशी बळीरामनं सलाम केला, कमरुद्दीनकडे वरखाली पाहिलं आणि म्हणाला, "नवरीचा बापूस?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे चालू लागला, जागा दाखवायला. चढ फारसा नव्हता, पण कमरुद्दीनला धाप लागली. नव्या बुटांत पाय घसरत होते. मोकळ्या जागेशी आल्यावर बळीराम म्हणाला, "बसा हितं, आमी जातो," आणि झाडू ओढत निघून गेला. जागा म्हणजे सपाट मातीचा तुकडा, तीन बाजूंनी ऐन आणि कुंभ्याची झाडं, एका कडेला काटेसावर, तिच्यावर पान नव्हतं, लाल फुलं होती आणि त्यांत मैनांचा कलकलाट चालला होता. कमरुद्दीन एका दगडावर टेकला. त्यानं रुमालानं मान पुसली. शरीफा उभीच राहिली. वाटेत तिनं काही जुळवून ठेवलं होतं, सायमाच्या रडण्याबद्दल, ओवेसच्या आईच्या तब्येतीबद्दल. ते तिनं सोडून दिलं.

"निकाह इथेच होईल," ती म्हणाली. "सायमाची हौस म्हणून नाही. मला हॉल नकोय. मी ठरवलंय. आणि आतापर्यंतचं सगळंही मीच ठरवलेलं आहे, तुम्ही म्हणालात असं नुसतं सांगत होते."

 आता काय होईल हे तिला माहीत नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"मला माहीत आहे," कमरुद्दीन म्हणाला.

"काय?"

"तू म्हणायचीस, तुम्ही मागे म्हणाला होतात. मी आठवून बघायचो. मी कधी म्हणालो? मी तर काहीच म्हणालेलो नसायचो." तो हसला, पुढचा एक दात नवा बसवलेला होता, जरा जास्तच पांढरा. "मी हमझाला सांगायचो, ऐक, आज मी पनवेलला फ्लॅट घ्यायचा हुकूम दिला. तो म्हणायचा, मुबारक. चहा करायचा दोघांना."

शरीफाला आधी राग आला. उघड्यावर कपडे बदलताना कुणी बघितल्यासारखा राग. इतकं जपून केलेलं, रात्र रात्र शब्द जुळवून केलेलं, ते तिकडे दोन पुरुष चहावर बसून ऐकत होते. "मग सांगायचं नाही मला?" ती म्हणाली. "उगाच मी—"

"सांगून काय करू? तू माझ्यासाठी खुर्ची ठेवत होतीस. मी म्हटलं, बसावं."

हमझा हे नाव तिला माहीत होतं. म्हसळ्याचा हमझा, खोलीतला जोडीदार. सणाला फोनवर सलाम करणारा. त्यापलीकडे तिनं कधी विचारलं नव्हतं. कमरुद्दीन आता त्याच्याचबद्दल बोलू लागला, तिच्याकडे न बघता, काडीनं मातीत रेघा ओढत. अठरा वर्षं एका खोलीत. हमझा फोडणी द्यायचा, कांदा हा कापायचा, अगदी बारीक, कागदासारखा. गुरुवारी रात्री मासे. खिडकीतून एक पेट्रोल पंप दिसायचा आणि त्याच्यामागे समुद्राची पट्टी. हमझाच्या बायकोला मूल झालं तेव्हा दोघंच मिठाई घेऊन पंपावरच्या पोरांना वाटत फिरले. अम्मा गेल्याचा शरीफाचा फोन आला तेव्हा हमझानं त्याला अंघोळ घातली होती, लहान मुलासारखी, कारण हा नळाखाली नुसता उभा राहिला होता. "निघताना खोलीला कुलूप लावलं नाही मी," तो म्हणाला. "हमझा आहे ना आत अजून. जिन्यावर बसून रडलो. इथून जाताना कधी रडलो नाही, विमानात बसलो की पाय मोकळे व्हायचे. अल्लाह माफ करो." मग काडी टाकून दिली. "इथे आल्यापासून मला कळत नाही कुठे उभं राहायचं. तू उठलीस की मला वाटतं, उठावं. पंखा बंद करावा. निदान तेवढं काम."

मैना उडाल्या आणि पुन्हा येऊन बसल्या. शरीफा त्याच्या शेजारच्या दगडावर बसली. हा माणूस कांदा बारीक कापतो. तिनं त्याला कधी सुरी हातात घेऊ दिली नव्हती. तिच्या मनात हमझाबद्दल एक विचित्र मत्सर उठला आणि तिथेच विरून गेला, कारण त्याच्या मागोमाग जे आलं ते हलकं होतं. त्याचंही एक घर सुटलं होतं. त्याच्याही हातून ते तिसऱ्या दिवशीचं काहीतरी गेलं होतं, आणि तो इथे तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याचीच वाट बघत होता.

"तुला आनंद झाला नाही ना?" त्यानं विचारलं. "मी येतो म्हणालो तेव्हा."

एवढ्या सरळ प्रश्नाला बाजूनं जायला वाट नव्हती. "नाही," ती म्हणाली.

"हां," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा, "हां." जुनं दुखणं डॉक्टरनं अखेर नावानिशी सांगावं तसा तो मान हलवत राहिला. मग गुडघ्यांवर हात दाबून उठला. "हॉलवाल्याला फोन करतो. बायका कुठे बसणार? ऊन येईल इथे."

निकाहाच्या दिवशी उन्हाची तिरीप खरंच बायकांच्या बाजूला आली आणि सगळ्या जणी सतरंज्या ओढत कुंभ्याखाली सरकल्या. मांडव नव्हता, भोंगा नव्हता. दोन झाडांच्या फांद्यांवरून नुसती टाकलेली हिरवी चादर होती, तिच्या पलीकडे पुरुष. उरणहून ओवेसची माणसं आली होती, पनवेलची थोडीच, काही मुद्दाम आली नव्हती. सायमा मोतिया रंगाच्या साध्या शरार्‍यात बसली होती, हातावर मेंदी, कपाळावर घामाचे बारीक थेंब. शरीफा तिच्या मागे बसली. तिला रात्रभर झोप नव्हती. चणे, खजूर, पाण्याची पिंपं, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं डोळ्यांसमोरून फिरत होतं आणि आता अचानक फिरायचं थांबलं होतं. आपल्या लोकांत निकाह लावायचा हक्क बापाचा, वली तो. पण त्यानं आधी पोरीला विचारावं लागतं. चादर बाजूला करून कमरुद्दीन आत आला, मागे दोन साक्षीदार. बायकांनी पदर पुढे ओढले. तो मुलीच्या समोर उकिडवा बसला आणि बसताना त्याचा तोल गेला तसा त्यानं एक हात मातीवर टेकला.

"सायमा," तो म्हणाला आणि थांबला.

सगळे थांबले. वरून एक विमान गेलं आणि त्याचा आवाज सरेपर्यंत कुणी हललं नाही.  शरीफाला कमरुद्दीनचे ओठ दिसत होते, शब्द जुळवणारे. काझीसाहेबांनी त्याला वाक्य पाठ करून दिलं होतं, घरी आरशासमोर त्यानं ते म्हटलेलं तिनं ऐकलं होतं. जुनी सवय तिच्या जिभेपर्यंत आली, हळूच सुचवायची, त्याच्या तोंडात घालायची. तिनं ती गिळली.

"मी तुला फार थोडं ओळखतो, बेटा," कमरुद्दीन म्हणाला. हे पाठ केलेलं नव्हतं. एक साक्षीदार खाकरला. "पण विचारायचं मलाच आहे. मी तुझा निकाह उरणच्या ओवेसशी लावून देतोय, ठरलेल्या मेहरवर. तुझी इजाजत आहे?"

सायमानं मान वर केली. अशा वेळी मुली गप्प राहतात, किंवा मान हलवतात, आणि तेवढं पुरतं. ती म्हणाली, "आहे, अब्बा," सगळ्यांना ऐकू येईल असं, आणि पुढे वाकून तिनं बापाचा मातीनं भरलेला हात आपल्या ओढणीनं पुसला. तो उठून चादरीपलीकडे गेला. थोड्या वेळानं तिकडून ओवेसचा आवाज आला, कबूल आहे, अगदी मास्तरासारखा खणखणीत, आणि मग सगळ्यांनी हात वर केले, आणि शरीफानंही केले. तिच्या दुआत कुणाचं नाव नव्हतं. नुसते हात उघडे होते.

उन्हं कलायच्या आत गाड्या निघाल्या. सायमाला बसवताना शरीफा रडली, सगळ्या आया रडतात तशी, आणि रडणं संपलं तेव्हा तिला जाणवलं की ते खरोखरच संपलंय, शिल्लक काही नाही. मोहल्ल्यातली माणसं टेंपोत चढली. सतरंज्या गेल्या, पिंपं गेली. बळीराम झाडांखालून फिरून खजुराच्या बिया वेचत होता आणि पुटपुटत होता. मोकळ्या जागेत फक्त ती दोघं उरली. कमरुद्दीननं चादरीची घडी केली होती आणि ती छातीशी धरून तो उभा होता.

"निघू या?" त्यानं विचारलं. "रिक्षा फाटकाशी सांगून ठेवलीय."

हो म्हणायला तिनं तोंड उघडलं. घरी जाऊन चहा टाकायचा होता, तो पंखा लावेल, बंद करेल, आणि सायमाच्या खोलीचं दार उघडं असेल. "मला इथे जरा एकटीला बसायचंय," ती म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हटलं होतं, आणि ते म्हणायला अगदी सोपं होतं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. का, असं विचारेल म्हणून ती वाट बघत राहिली. "बस," तो म्हणाला. दोन पावलं जाऊन परत आला, घडी केलेली चादर दगडावर ठेवली, तिला बसायला, आणि उताराला लागला. पाय जपून टाकत, झाडांना धरत. फाटकाशी तो बळीरामच्या खुर्चीवर जाऊन बसलेला तिला वरून दिसला, हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, हाकही मारली नाही. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तेव्हा त्यानं हात वर करून त्याला गप्प केलं. शरीफा चादरीवर बसली. तिनं चपला काढल्या. पायांखालची माती दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होती, आणि ती तशीच बसून राहिली.